आमच्या मुलखाची बंदरे

हदगावच्या माणसाने बंदरांवर लेख लिहावा, हे पाहून मुंबईच्या वाचकांना थोडे हसू येईल. येऊ द्या. पश्चिमेचा समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. आमच्या तालुक्याच्या उत्तरेच्या अंगाने पैनगंगा वाहते; ती वर्धेला मिळते, वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते. म्हणजे ढग येतो अरबी समुद्राकडून आणि आमच्या शिवारावर पडलेला थेंब जातो बंगालच्या उपसागराकडे. दोन समुद्रांच्या या देवघेवीत आम्ही मध्येच कुठेतरी उभे, आणि दोन्हींपैकी एकही आम्हांला दिसत नाही! निजामाच्या राजवटीत उर्दूतून शाळा शिकलेल्या आमच्या वडीलमंडळींना 'बंदर' म्हटले की तुरीवर उतरलेली वानरांची टोळीच आधी आठवायची.

विनोद सोडा, पण समुद्र नसल्याची खंत आमच्या मुलखाला होतीच. हैदराबाद संस्थान एवढे मोठे, आणि त्याला हक्काचा किनारा नव्हता. १९४७ च्या सुमारास पोर्तुगिजांकडून मुरगाव बंदर मिळविण्याची खटपट निजाम सरकारने करून पाहिली होती. ती साधली नाही, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानच भारतात विलीन झाले. मराठवाडा म्हणजे कोरडा, आत कोंडलेला, जगापासून दूर राहिलेला मुलूख, ही समजूत मात्र मागे राहिली. बाहेरचे लोक तसे म्हणतात याचे दुःख नाही. आमचीच मुले आता तसे म्हणू लागली आहेत. वर्गात मी तेरची किंवा पैठणची गोष्ट काढली, की मागच्या बाकावरून जांभई ऐकू येते. "सर, ते सगळं ठीक, पण आपल्याकडं आहे काय?" असा एक प्रश्न गेल्या वर्षी एका मुलीने विचारला होता. तिच्या प्रश्नाला द्यायला थोडेसे उत्तर गेल्या शरदातल्या एका सफरीत माझ्या हाती लागले. तेवढेच या दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

सफरीला आम्ही चौघे होतो. चौघेही एकाच शाळेतले. एक कापसाचे अडतदार. त्यांना आम्ही शेठ म्हणतो, आणि गाडी त्यांचीच होती. दुसरे भूगोलाचे प्राध्यापक. नकाशा आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक त्यांच्याकडे. तिसरा मी, ज्याच्याकडे हिशेबाची वही सोडून काहीच नव्हते. आणि चौथे आमचे शेतकरी मित्र, ज्यांना सारे गाव आबा म्हणते. खरे तर ही सफर आबांसाठीच निघाली. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात नोकरीला लागला. गावात पेढे वाटले गेले. पण आबांनी समुद्र जन्मात पाहिलेला नव्हता. मुलगा वर्षातले आठ-नऊ महिने जिथे राहणार ती जागा कशी असते, हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हते. दसऱ्याच्या आधी एकदा ते शेठच्या अडतीवर बसून म्हणाले, "लेकरू दुसऱ्या गावाला शिकायला गेलं तर बाप एकदा खोली तरी बघून येतो. मी काय बघून येऊ?" सोयाबीन काढून झाले होते, कापसाची पहिली वेचणी यायला आठवडाभर अवकाश होता. शेठ म्हणाले, "चला, मी घेऊन जातो."

आता सफर म्हटली की जहाज आले. मुंबईहून गोव्याकडे जाणारी मोठी प्रवासी जहाजे मधल्या बंदरांना थांबत नाहीत. पूर्वीच्या कोकण बोटींची गोष्ट वेगळी. त्या दर बंदराबाहेर उभ्या राहत, पडाव त्यांच्याकडे जात, आणि पेट्या, वळकट्या, आजीबाई नि कोंबड्या यांच्यासकट उतारू त्या हेलकावणाऱ्या पडावांत उतरत. त्या बोटी गेल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि बोटीच्या गोष्टी सांगणारी पिढीही आता विरळ होत चालली आहे. तेव्हा आमच्या भूगोलवाल्यांनी एक युक्ती काढली. कोकणात आज खाड्यांच्या मुखांवर फेरीबोटी चालतात. स्थानिक मंडळी त्यांना जंगल जेटी म्हणतात. मोटार तिच्या पोटात घालायची आणि पलीकडे उतरायचे. अशा पाच बोटी एकामागून एक धरल्या, तर भाऊच्या धक्क्यापासून थेट जयगडपर्यंत बंदरे पाहत जाता येते. एका मोठ्या जहाजाऐवजी पाच लहान जहाजे! शेठना ही कल्पना पसंत पडली, कारण भाडे बेताचे होते.

भाऊच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा सकाळ होती. आबा गाडीतून उतरले आणि काही न बोलता धक्क्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. नारळ त्यांनी हदगावहूनच आणला होता. तो वाहून झाल्यावर ओंजळभर पाणी घेऊन त्यांनी जिभेला लावले. "खारं हाय," असे त्यांनी आम्हांला गंभीरपणे सांगितले. जणू इतकी वर्षे ही नुसती अफवाच होती.

या धक्क्याची एक आठवण महाराष्ट्राने विसरू नये अशी आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट मुंबईबाहेर वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते. मी हे सांगू लागलो तेव्हा भूगोलवाल्यांनी माझा दंड दाबला. आबा ऐकत होते. मी गप्प बसलो. २०२० च्या मार्चपासून इथून मांडव्याला मोटारींसकट नेणारी मोठी बोट सुरू झाली आहे. तिने तासाभरात आम्हांला पलीकडे पोचविले. पाणी तळ्यासारखे शांत होते. शरदातला समुद्र हा असाच. नारळीपौर्णिमेनंतर तो निवळू लागतो आणि दसऱ्यापर्यंत अगदी घरातल्या माणसासारखा होतो.

मांडव्याहून अलिबाग आणि पुढे रेवदंडा-चौल. नारळी-पोफळीच्या वाड्या, आत लपलेली कौलारू घरे, आणि पोर्तुगिजांच्या पडक्या तटातून गेलेला रस्ता. हे रेवदंडे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधले आणि १७४० मध्ये ते मराठ्यांच्या हाती आले. पण चौल त्याहून कितीतरी जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाश-व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या पुस्तिकेत चौलचा उल्लेख 'सेमुल्ला' म्हणून येतो. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल् मसूदी इथे येऊन गेला. आणि १४६९ च्या सुमारास त्वेरचा एक रशियन व्यापारी, अफनासी निकितिन, इथेच उतरला. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. हा गृहस्थ त्याच्या आधी जवळजवळ तीस वर्षे! त्याच्यावर १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी 'परदेसी' हा चित्रपट काढला होता. नर्गिस त्यात होती. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे.

स्मारकापाशी उभे राहून मी मित्रांना निकितिनची गोष्ट सांगितली. त्याने बरोबर विकण्यासाठी एक घोडा आणला होता. चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला, पावसाळा तिथे काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. मोठ्या मिनतवारीने तो परत मिळाला. आबांनी विचारले, "एक घोडा इकायला एवढ्या लांब? वैरणीचा तरी खर्च निघाला का?" शेठ म्हणाले, "अडत्या नव्हता ना त्याच्याबरोबर!" मग मी विचारले, "पण तो जुन्नरहून पुढे कुठे गेला, ठाऊक आहे?" कुणाला ठाऊक नव्हते. तो गेला बीदरला.

बीदर म्हणजे आमचे शेजघर. उदगीर-देगलूरच्या माणसाला बीदर पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. पंधराव्या शतकात ते बहमनी राज्याची राजधानी होते, आणि कंधारचा किल्ला, माहूरचा गड, आमचा सारा मुलूख त्याच राज्यात होता. बीदरच्या दरबाराला घोडे लागत, उंची कापड लागे, आणि हे सगळे चौल आणि दाभोळ या बंदरांत उतरून, बैलांच्या पाठीवर घाट चढून, आमच्याच वाटांनी येत असे. भूगोलवाल्यांनी गाडीच्या टपावर नकाशा पसरला आणि चौलपासून बीदरपर्यंत बोट फिरवले. "म्हणजे," ते म्हणाले, "चौल हे कोकणाचे बंदर नव्हेच. ते तुमच्याआमच्या मुलखाचे बंदर. कोकणाने फक्त जागा दिली."

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे प्रथम दिसू लागले.

पुढचे दोन दिवस बोटीमागून बोट. आगरदांड्याहून दिघीला जाताना डाव्या हाताला राजपुरीची खाडी आत शिरते आणि उजवीकडे, खाडीच्या तोंडाशी, जंजिऱ्याचे बुरूज पाण्यातून वर आलेले दिसतात. बागमांडल्याहून वेश्वीला जाताना सावित्रीचे मुख ओलांडले. एके काळी याच खाडीतून गलबते महाडपर्यंत जात. बोट कशी चालते हे आबांना पाहायचे होते. वेश्वीच्या बोटीवरच्या इंजिन सांभाळणाऱ्या पोराने त्यांना खाली नेले. पाच मिनिटांत आबा वर आले ते घामाने चिंब. बराच वेळ ते कठड्याला टेकून उभे होते. मग म्हणाले, "एवढीशी बोट, तर आत भट्टी पेटल्यावानी. आमच्या पोराची बोट तर केवढी असंल." यावर तिघांपैकी कुणालाच काही बोलता आले नाही. शेठनी आपली पाण्याची बाटली पुढे केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाभोळला पोचलो. वाचकहो, दाभोळला जाल तर वरच्या बाजूने एकदा खाडीकडे नीट पाहा. खाली चिंचोळ्या पट्टीत दाटलेली घरे, मासळीच्या होड्या, वाशिष्ठीचे रुंद मुख, आणि पाण्याच्या अगदी कडेला सतराव्या शतकातली काळ्या दगडाची, विजापुरी घाटाची देखणी मशीद. बस्स. आबांनी इकडेतिकडे पाहून विचारले, "बंदर कुठाय?"

प्रश्न सरळ होता, आणि उत्तर अवघड. कारण या जागेला उतरून १४५३ साली इराणच्या गीलान प्रांतातला एक व्यापारी बीदरला गेला. त्याचे नाव महमूद गावान. माल विकायला आलेला हा माणूस बहमनी राज्याचा वजीर झाला. बीदरला त्याने १४७२ मध्ये बांधलेली मदरसा आजही उभी आहे. तिच्या दर्शनी भागावरच्या निळ्या-हिरव्या कौलांची नक्षी पाहून इराणची आठवण येते ती उगीच नव्हे. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधाराने त्याला देहान्त शासन झाले, आणि राज्याचा कणा तिथेच मोडला. निकितिनही मायदेशी निघाला तो याच दाभोळहून. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज विजरई आल्मेदाने हे शहर जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. जाळून जे बंदर मेले नाही, ते मग कशाने मेले?

भूगोलवाल्यांनी याचे उत्तर मशिदीच्या ओट्यावर बसून दिले. दोन कारणे त्यांनी सांगितली. पहिले, खाडीतला गाळ. डोंगर उघडे पडले की माती नदीत येते, नदीची माती मुखाशी साचते. शिडाच्या गलबताला थोडे पाणी पुरे. आगबोटीला खोल पाणी लागते. दुसरे कारण याहून मोठे, आणि ते समुद्राकडे नव्हतेच. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढून गेली, १८६५ मध्ये थळघाट. त्या दिवसापासून दख्खनचा कापूस, धान्य, सारा माल मुंबईच्या एका दारातून जाऊ लागला. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढणारे बैलांचे तांडे हळूहळू थांबले. घाट थांबला, तसे घाटाखालचे बंदरही थांबले. "बंदर समुद्रावर असते," ते म्हणाले, "पण जगते ते पाठीमागच्या मुलखावर. मुलखाने तोंड फिरवले की समुद्र काही करू शकत नाही."

आबा मान डोलावून म्हणाले, "बाजारासारखंच की. रस्ता दुसऱ्या गावावरून गेला की बाजार उठला."

यापेक्षा चांगली व्याख्या आमच्या दोन प्राध्यापकांना जमली नसती.

गमतीचा भाग असा, की 'दाभोळ' हे नाव विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजले ते दाभोळमुळे नव्हे. एन्रॉनचा तो वीज प्रकल्प खाडीच्या पलीकडच्या तीरावर, गुहागर तालुक्यात. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला; पुढे नव्या कंपनीच्या हाती तो गेला, आणि त्याच्या शेजारी परदेशातून आणलेला थंड द्रवरूप वायू उतरवून घेण्याचा धक्का उभा राहिला. म्हणजे नाव अलीकडच्या गावाचे, जहाजे पलीकडच्या तीराला. धोपाव्याच्या फेरीबोटीतून जाताना दोन्ही तीर एकदम दिसतात. अलीकडे गाव आहे आणि जहाजे नाहीत. पलीकडे जहाजे येतात आणि गावाचा त्यांच्याशी संबंध नाही.

हेच दृश्य जयगडला अधिक ठळक दिसले. तवसाळहून शास्त्री नदीचे मुख ओलांडून जयगडच्या किल्ल्यावर चढलो तेव्हा ऊन उतरत होते. जयगडला २००९ पासून खाजगी कंपनीचे खोल पाण्याचे बंदर चालते. कोळसा आणि लोखंडाची कच्ची धातू घेऊन प्रचंड जहाजे तिथे येतात. धक्क्यावर आम्हांला कोण जाऊ देणार? पण पुढे दीपगृहाच्या बाजूला गेलो, तर बाहेर समुद्रात एक जहाज नांगर टाकून उभे होते. आबांची पावले तिथेच थांबली.

जहाज किती मोठे म्हणून सांगू? आमच्या गावची मुख्य पेठ, तिच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांसकट, त्यात सहज मावली असती. भूगोलवाले म्हणाले की अशी जहाजे दीड-दीड लाख टन माल वाहून नेतात. आबांना टनांत रस नव्हता. त्यांनी विचारले, "ह्याच्यात माणसं किती असतेत?"

"वीस-पंचवीस."

"हजार?"

"नाही हो. वीस-पंचवीसच."

आबा खाली दगडावर बसले. "आपल्या आखाड्यावर पोळ्याला ह्याच्याहून जास्त माणसं असतेत," ते म्हणाले. सूर्य बुडेपर्यंत ते तिथेच बसून होते. जहाजावर दिवे लागले. एवढ्या मोठ्या काळ्या आकारावर मोजून दहा-बारा दिवे. मी काहीतरी धीराचे बोलायचे म्हणून म्हटले, "पगार चांगला आहे, आबा. पोरगा हुशार आहे." ते म्हणाले, "पगार त्यानं सांगितला व्हता. माणसं किती हे नव्हतं सांगितलं." मग त्यांनी मोबाइल काढला, अंधारात त्या दिव्यांचे एक छायाचित्र घेतले आणि मुलाला पाठविले. खाली एक खूण उमटली. दुसरी उमटली नाही. मुलाचे जहाज तेव्हा कुठल्या पाण्यात होते कोण जाणे.

त्या रात्री रत्नागिरीच्या खानावळीत, सोलकढीचा पेला हातात घेऊन, मी शेठना सहज विचारले, "तुमच्या अडतीवरचा कापूस जिनिंगमध्ये जातो, गाठी बांधल्या जातात. त्या गाठी परदेशी गेल्या तर कुठल्या बंदरातून जातात?" शेठनी क्षणभर विचार केला. वीस वर्षे कापसाच्या व्यापारात घालविलेला माणूस. म्हणाले, "ते पुढच्या व्यापाऱ्याला ठाऊक. न्हावाशेवा असेल, नाहीतर गुजरातेतलं असेल. आपला संबंध ट्रक गावाबाहेर जाईपर्यंत."

या एका वाक्याने मला फार वेळ झोप लागू दिली नाही. महमूद गावानच्या काळी बीदरच्या बाजारातल्या लहानशा दलालालाही दाभोळ ठाऊक असेल, कारण तिथे जहाज उशिरा लागले तर त्याच्या दुकानात घोड्याचा भाव चढायचा. आज आमचा माल पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक दूर जातो, आमची मुलेही जातात. आणि ती कुठल्या दाराने जातात हेच आम्हांला माहीत नाही. आम्ही जगापासून तुटलो आहोत असे जे वाटते, ते यामुळे तर नसेल? रस्ता आहे, माल आहे, माणसेही आहेत. फक्त त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची ओळख राहिलेली नाही.

परतीला आंबा घाट चढून कोल्हापूर, सोलापूर करीत आलो. घाटात गाडी थांबवून चौघांनीही एकदा मागे वळून पाहिले. धुक्यात समुद्र दिसला नाही. आणि लातूरच्या अलीकडे, माझ्या हट्टासाठी, शेठनी गाडी तेरकडे वळविली.

तेर हे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे गाव. वारकऱ्यांना ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ठाऊक. पण त्या ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस'मध्ये ते 'तगर' या नावाने येते. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर, असा हिशेब त्याने दिला आहे. तगरहून साधे कापड आणि तलम मलमल, तऱ्हेतऱ्हेचे कापड, गाड्यांत घालून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. शेठ एकदम म्हणाले, "म्हणजे कापूस!" होय, कापूसच. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या काळ्या जमिनीतले बोंड गाडीत बसून समुद्राला जात होते. त्याच पुस्तिकेत आणखी एक मजेचा उल्लेख आहे. कल्याण हे पूर्वी खुले बंदर होते. पण तेव्हाच्या राजकारणामुळे तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदरांची दारे अशी तेव्हाही बंद होत होती आणि नवी उघडत होती. तगरच्या व्यापाऱ्याला मात्र दोन्ही दारांची खबर असे. नसती, तर त्याचा माल वाटेतच कुजला असता.

तेरच्या वस्तुसंग्रहालयात शंख, मणी आणि मातीच्या मूर्ती पाहत फिरलो. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंतून हे संग्रहालय उभे राहिले. इथे सापडलेली हस्तिदंताची एक इवलीशी स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. इटलीतले पॉम्पेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या उत्खननात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी तेरच्या आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या मूर्तींचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. कुणी सांगावे, मराठवाड्यातल्या कुठल्याशा कारागिराच्या हातची बाहुली व्हिसूव्हियसच्या पायथ्याच्या एखाद्या घरात मांडलेली असेल! तिला नेणारी गाडी आमच्याच धुळीच्या रस्त्याने गेली असेल. आणि गाडीवान परत आल्यावर त्याच्या आईने विचारले असेल, "समुद्र कसा असतो रे?"

संग्रहालयाच्या आवारात लिंबाच्या सावलीत बसलो असताना आबांचा मोबाइल वाजला. मुलाचा निरोप होता. आबांनी तो आम्हांला वाचून दाखविला. "बाबा, माझं जहाज असंच आहे, थोडं लहान. आम्ही एकवीस जण आहोत. त्यात एक जळगावचा आहे, त्याच्याशी मराठी बोलतो. वेचणी सुरू झाली का?" आबांनी तो दोनदा वाचला. मग मोबाइल खिशात ठेवून शेठना म्हणाले, "चला, बाया सांगून ठेवल्यात. उद्या कापसात जायाचंय."

जालन्याजवळ कोरड्या बंदराची पायाभरणी २०१५ च्या डिसेंबरात झाली. मालाच्या पेट्या तिथेच सील करून थेट जहाजाकडे धाडायच्या, असा तो बेत. म्हणजे समुद्राचे दार आता घाट चढून आमच्याकडे येऊ पाहते आहे. ते कितपत उघडेल, त्यातून काय जाईल आणि काय येईल, हे पुढची वर्षे सांगतील. पण ते उघडण्याच्या आधी आपण एक काम करू शकतो, आणि त्याला सरकारी मंजुरी लागत नाही. वाचकहो, दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन तुम्ही कोकणात जालच. किनाऱ्यावर वाळूचे किल्ले होऊ द्या, मासे-भात होऊ द्या. पण एखाद्या जुन्या धक्क्यावर पाच मिनिटे समुद्राकडे पाठ करून उभे राहा, आणि मुलांना समोरचा डोंगर दाखवा. इथे उतरलेला माल कुठल्या घाटाने वर जात होता आणि कुठल्या गावच्या बाजारात सुटत होता, हे त्यांना नकाशात शोधू द्या. पुष्कळदा ती वाट तुमच्याच गावाजवळून गेलेली सापडेल.

सुटी संपल्यावर त्या मुलीला मी वर्गात बोलावून नकाशा दाखविला. चौल, दाभोळ, तेर, बीदर यांवर पेन्सिलीने खुणा करून ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने हदगाव शोधले आणि विचारले, "सर, इथून समुद्राला जायची जुनी वाट कुठली?"

ती वाट आम्ही दोघे मिळून आता शोधीत आहोत.